तुम्ही विचारलंत म्हणून: पोकरमधलं होल्डम येतं, मग पोकरच्याच ओमाहात नवं काय?

हा प्रश्न बहुधा उत्तरासकटच येतो: "दोनाऐवजी चार पत्ते, एवढंच ना?" एवढंच नाही. हातात किती पत्ते आले यापेक्षा त्यांतले किती वापरायचे, सगळा खेळ तिथे बदलतो.

टेबलावरची रीत दोन्हीकडे तीच. फ्लॉपला तीन, टर्नला एक, रिव्हरला एक, असे तीन टप्प्यांत पाच सामाईक पत्ते उघडतात. दर वेळी आधी गड्डीतला वरचा पत्ता उपडाच बाजूला जातो. होल्डममध्ये हातातले दोन आणि हे पाच मिळून सातांतले कुठलेही पाच घ्या. ओमाहात मात्र हातातले बरोबर दोन आणि टेबलावरचे बरोबर तीन.

समजा टेबलावर बदाम राजा, दश्शी, सत्ती, दुर्री आणि इस्पिक चव्वी आहे. तुमच्याकडे बदाम एक्का, किलवर राजा, इस्पिक नव्वी आणि चौकट नव्वी. होल्डमच्या सवयीने डोळे एक्क्यावर जातात आणि फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) झाल्यासारखा वाटतो. पण हातात बदाम एकच आहे, त्यामुळे फ्लश नाही. उरते राजांची जोडी. नवख्यांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. याच नियमामुळे हातात चार एक्के येणं हा जवळजवळ शाप आहे: वापरता येतात दोनच, आणि तिसरा एक्का टेबलावर येणारच नाही.

चार पत्त्यांतून दोन पत्ते सहा प्रकारे निवडता येतात. म्हणून होल्डममध्ये डाव मारणारी दोन जोड्यांची ताकद इथे शेवटपर्यंत क्वचितच टिकते, आणि राणीचा फ्लश धरून बसलेल्यासमोर एक्क्याचा निघतो.

ओमाहा बहुतेक पॉट-लिमिट असतं, म्हणजे एका वेळी पॉटपेक्षा (मध्ये जमलेल्या पैशांपेक्षा) जास्त वाढवता येत नाही, आणि हिशेब तिथेच अडतो. पॉटमध्ये 100 आहेत, समोरच्याने 50 लावले. आधी तुमचे 50 मोजा, पॉट 200 झाला. त्यावर तेवढेच वाढवता येतात. म्हणजे तुम्ही जास्तीत जास्त 250 टाकणार.

पाइनॅपल म्हणजे होल्डमच, फक्त तीन पत्ते मिळतात आणि फ्लॉप उघडण्याआधी एक टाकायचा. क्रेझी पाइनॅपलमध्ये तो फ्लॉपचं बेटिंग संपल्यावर टाकतात.

शॉर्ट डेकमध्ये दुर्रीपासून पंजीपर्यंतचे पत्ते काढून 36 ठेवतात. प्रत्येक रंगाचे नऊच पत्ते उरल्यामुळे फ्लश जमणं कठीण होतं, म्हणून तो फुल हाउसच्या (एका किमतीचे तीन आणि दुसऱ्या किमतीचे दोन पत्ते) वर जातो. एक्का खालूनही चालतो: एक्का-छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वी हा स्ट्रेट, म्हणजे ओळीने पाच पत्ते. एकाच किमतीचे तीन पत्ते स्ट्रेटला मारतात की नाही, हे मात्र टेबलागणिक बदलतं. पहिला पत्ता वाटायच्या आधी विचारून घ्या.