मात्सुमोतोच्या काळ्या किल्ल्याजवळ मुक्काम कुठे करावा?

मात्सुमोतोचा किल्ला सकाळी साडेआठला उघडतो आणि संध्याकाळी पाचला बंद होतो. आत जायचे तर साडेचारच्या आत दारात असावे लागते. टोकियोच्या शिंजुकू स्थानकातून सुटणारी ‘आझुसा’ ही जलद गाडी अडीच-पावणेतीन तासांत मात्सुमोतोला पोहोचवत असल्यामुळे, किल्ला पाहून त्याच रात्री परतणे सहज जमते आणि अनेक जण तसेच करतातही. मी, माझा नवरा आणि आई अशा आम्ही तिघांनी मात्र तिथे राहायचे ठरवले, कारण या किल्ल्याची मला हवी असलेली दोन्ही रूपे तिकिटाच्या वेळेबाहेरची होती. ऑक्टोबरच्या अखेरीस पाचच्या सुमारास सूर्य पश्चिमेच्या डोंगररांगेआड जातो, त्यानंतरचा किल्ला आणि सकाळी वारा सुटण्याआधी खंदकाच्या पाण्यात दिसणारा किल्ला. त्यामुळे हॉटेल शोधताना मी एकच कसोटी लावली: या दोन वेळांना चालत खंदकापर्यंत जाता येईल का?

कसोटी सोपी वाटली, तरी गावाची रचना समजून घेतल्याशिवाय ती लावता येत नाही. डोंगरी किल्ल्यांवर वाढलेल्या आपल्या नजरेला मात्सुमोतो प्रथम चकवतो. हा भुईकोट आहे, चढण अजिबात नाही, आणि सारी भिस्त पाण्याने भरलेल्या खंदकांवर. १५९० मध्ये इशिकावा काझुमासा या सरदाराकडे ही जहागीर आली, आणि आज दिसणारा पाच छपरांचा, पण आतून सहा मजल्यांचा मुख्य मनोरा त्या दशकात, त्याचा मुलगा यासुनागा याच्या काळात उभा राहिला असे मानतात. किल्ल्याच्या दक्षिणेला मेतोबा नदी वाहते आणि नदीपलीकडे झेनकोजी मंदिराकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर व्यापाऱ्यांची वस्ती होती. रेल्वे स्थानक त्याहून नैर्ऋत्येला आहे, तर गरम पाण्याच्या झऱ्यांचे आसामा ओनसेन हे गाव ईशान्येला डोंगराच्या पायथ्याशी. मुक्कामाचे खरे पर्याय हे तीनच: स्थानक, जुनी व्यापारपेठ आणि आसामा.

स्थानकाजवळच्या बिझनेस हॉटेलांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती स्वच्छ असतात, स्वस्त असतात, कपडे धुण्याची नाणी टाकायची यंत्रे असतात, आणि खोलीत मोठी बॅग उघडून ठेवली की चालायला जागा उरत नाही. आरक्षण करताना ‘सेमी-डबल’ हा प्रकार दिसला तर तो एकट्यासाठीच आहे असे समजावे. तिथून किल्ला पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहे, पण तो रस्ता बँका आणि दुकानांचा. पहाटे साडेपाचला त्यावरून चालत जाण्याचा उत्साह आपल्यात राहील का, याचा प्रामाणिक विचार आधी करावा.

आसामा ओनसेनचा मोह मात्र मला बराच काळ सुटला नव्हता. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या शोगुनांच्या (लष्करी सत्ताधीशांच्या) राजवटीत, मात्सुमोतोच्या सरदारांचे खास स्नानगृह याच गावात होते, त्यामुळे किल्ला पाहून तिथल्या पारंपरिक सराईत, म्हणजे रयोकानमध्ये, राहण्यात एक ऐतिहासिक औचित्यही होते. पण रयोकानचा हिशेब वेगळा असतो. दर खोलीचा नसून माणशी असतो, त्यात रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते, आणि जेवण सहा-साडेसहाला वाढले जाते, तेव्हा तुम्ही तिथे असणे अपेक्षित असते. म्हणजे नेमक्या ज्या वेळी मला खंदकाकाठी उभे राहायचे होते, त्या वेळी मी किल्ल्यापासून लांब, बसच्या वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर, जेवणाच्या ताटासमोर बसले असते. आणि जेवून परत यायचे म्हटले तर संध्याकाळनंतर बसगाड्या विरळ होतात.

त्यात आमच्या घरचा शाकाहार. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेला दाशी हा रस्सा बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनितो माशाचा असतो, आणि डाळीच्या आमटीतल्या हिंगासारखाच तो दिसला नाही तरी सगळीकडे असतो. भाजी, सूप, सोबा नूडल्सबरोबरची बुडवण, काहीही त्यातून सुटत नाही. काही सरायांनी अत्यंत विनयाने कळवले की असे जेवण देणे त्यांना शक्य होणार नाही. मला तो नकार योग्यच वाटला. जमेल तसे करू म्हणून नंतर ताटात मासा वाढण्यापेक्षा हे बरे. शिवाय तातामीच्या चटईवर अंथरलेल्या फुतोनवरून, म्हणजे जमिनीवरच्या गादीवरून, सकाळी उठणे आईच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. काही रयोकानमध्ये पलंगाच्या खोल्या असतात, पण त्या लवकर भरतात. सार्वजनिक स्नानगृहात विवस्त्र जाण्याची कल्पना आईला मानवणार नाही असे मला वाटत होते. तिचा आक्षेप भलताच निघाला. “एवढ्या गरम पाण्यात माझा रक्तदाब चढेल,” एवढेच ती म्हणाली.

उरली जुनी पेठ, आणि तिथेच आम्ही राहिलो. नाकामाची हा रस्ता मेतोबा नदीच्या दक्षिणेला तिला समांतर जातो. १८८८ च्या मोठ्या आगीत हा भाग जळाल्यानंतर व्यापाऱ्यांनी जाड मातीच्या भिंतींची, आगीला दाद न देणारी कोठारे बांधली, आणि त्यांच्या काळ्या फरश्यांवर पांढऱ्या चुन्याच्या उठावदार तिरप्या जाळीच्या भिंती आजही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतात. आम्हाला मिळालेले लहानसे हॉटेल एका आतल्या गल्लीत होते. त्यात पलंग होते, लिफ्ट होती, आणि जेवण नव्हते, जी आमच्या दृष्टीने सोयच होती. भोपळ्याचे किंवा गोड लाल चवळीचे सारण भरलेली ओयाकी नावाची कणकेची टिक्की, दुकानातला साधा भात आणि घरून नेलेली मेतकूट-चटणी यांवर आमचे भागले. तिथून पूल ओलांडून नावातेच्या चिंचोळ्या रस्त्याने किल्ल्याच्या खंदकाशी पोहोचायला दहा मिनिटेही लागत नाहीत. नावातेचा हा पट्टा म्हणजे नदी आणि बाहेरचा खंदक यांमधला जुना बांध. आता तिथे बेडकांच्या मूर्ती आणि छोटी दुकाने आहेत, जी संध्याकाळी लवकर बंद होतात.

‘किल्ला दिसणारी खोली’ म्हणून जास्त पैसे मागितले जातात, तेव्हा मी तरी ते देणार नाही. किल्ल्याच्या परिसरात इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे, त्यामुळे बऱ्याच खिडक्यांतून इतर छपरांवर डोकावणारा मनोऱ्याचा माथा तेवढा दिसतो. या किल्ल्याचे सौंदर्य निम्मे पाण्यात आहे, आणि पाणी जमिनीवरूनच बघावे लागते. दगडी पायापासून सुमारे २९ मीटर उंच असलेल्या या मनोऱ्याच्या प्रत्येक मजल्याची खालची बाजू काळ्या फळ्यांची आणि वरची पांढऱ्या गिलाव्याची आहे. फळ्यांवर उरुशी झाडाच्या चिकाचे रोगण असते आणि त्याचा नवा हात दर वर्षी दिला जातो. संध्याकाळी दिवे लागल्यावर पांढरा भाग पुढे येतो आणि काळा पाण्याशी एकरूप होतो. पहाटे नेमके उलटे घडते, आणि मला पहाट अधिक आवडली. बाहेरची बाग कधीही खुली असल्यामुळे त्या वेळी तिथे कुत्री फिरवणारे स्थानिक लोक आणि आम्ही एवढेच होतो.

आत शिरल्यावर जिने मात्र अवघड आहेत. चौथ्या आणि पाचव्या मजल्यांमधला जिना ६१ अंशांत उभा आहे, आणि बूट पिशवीत घालून हातात धरायचे असतात. आई खाली अंगणात बसली. मनोऱ्याला लागून असलेला चंद्रदर्शनाचा सज्जा मात्र तिला बाहेरून नीट दिसला, आणि त्याची कथा मुक्कामाच्याच विषयाशी जुळणारी आहे. १६३० च्या दशकात मात्सुदाइरा नाओमासा या सरदाराने तो बांधला, कारण शोगुन इएमित्सू झेनकोजीच्या वाटेवर मात्सुमोतोला थांबणार होता. लढाईचे काहीही नसलेला, तीन बाजूंनी उघडा, लाल कठड्याचा हा सज्जा तयार झाला. पाहुणा मात्र आलाच नाही. १८७२ मध्ये मनोरा लिलावात विकला गेला, तेव्हा इचिकावा र्योझो या गावकऱ्याने किल्ल्यातच प्रदर्शने भरवून पैसे उभे केले आणि तो पाडला जाण्यापासून वाचवला. जपानमध्ये मूळ मनोरे शिल्लक असलेले किल्ले बारा, आणि त्यांपैकी राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा असलेले पाचच. मात्सुमोतो त्या पाचांत आहे.

आमच्यासारखा केवळ किल्ला हाच हेतू असेल, तर नाकामाची किंवा नदीकाठच्या गल्ल्यांतच खोली पाहावी. आसामाला जायचेच असेल, तर किल्ल्यासाठी वेगळी रात्र ठेवून दुसरी रात्र तिथे काढावी, म्हणजे सहा वाजता जेवायला बसताना मन दुसरीकडे राहणार नाही. कामिकोचीच्या दरीत जाण्याचा बेत असणाऱ्यांना मात्र स्थानकाजवळची हॉटेलेच सोयीची, कारण तिकडचा प्रवास तिथून आणि भल्या सकाळी सुरू होतो. फक्त नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत ती दरी बंद असते, हे तारखा ठरवण्याआधी पाहून घ्यावे.