यादीत न बसणारा सभासद

एका संदर्भकोशाच्या क्रीडाविभागात मी नोंदी तपासत असे. तेथे एके दिवशी रॉयल लिव्हरपूल गोल्फ क्लबच्या नामवंत माजी सभासदांवरील नोंद माझ्याकडे आली. ती ठरलेल्या मर्यादेपेक्षा दहा ओळींनी लांब होती आणि मजकूर संध्याकाळी छपाईला द्यायचा होता.

१८६९ मध्ये इंग्लंडमधील हॉइलेक येथे स्थापन झालेल्या या क्लबची कामगिरी थक्क करणारी आहे. ओपन ही ब्रिटनमधील गोल्फची सर्वांत जुनी मोठी स्पर्धा आजवर तीनच हौशी, म्हणजे व्यावसायिक नसलेल्या, खेळाडूंनी जिंकली असून त्यांपैकी जॉन बॉल आणि हॅरल्ड हिल्टन हे दोघे याच क्लबचे सभासद होते. तिसरा, बॉबी जोन्स, याने १९३०चे ओपन जिंकले तेही हॉइलेकच्याच मैदानावर. बॉलने १८९० साली प्रेस्टविकला ओपन जिंकले, तेव्हा तो ही स्पर्धा जिंकणारा पहिला हौशी आणि पहिला इंग्रज खेळाडू ठरला. हिल्टनने ओपन १८९२ व १८९७ मध्ये जिंकले आणि १९११ मध्ये ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांची हौशी अजिंक्यपदे एकाच वर्षी मिळवली. या ओळींना कात्री लावणे शक्यच नव्हते. म्हणून मी जॅक ग्रॅहमचा परिच्छेद काढला, कारण त्याच्या नावापुढे एकही अजिंक्यपद नव्हते.

नंतर बॉलच्या आठ ब्रिटिश हौशी अजिंक्यपदांची वर्षे ताडून पाहू लागलो: १८८८, १८९०, १८९२, १८९४, १८९९, १९०७, १९१०, १९१२. आठ हा आकडा आजही कोणाला गाठता आलेला नाही. मात्र १८९९ आणि १९०७ यांमधील खंड मला खटकला. छपाईची चूक असेल या शंकेने जुने निकाल काढले. १८९९च्या अंतिम सामन्यात बॉलने स्कॉटलंडच्या फ्रेडी टेटला सदतिसाव्या, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा होलवर हरवले होते. पुढच्या फेब्रुवारीत टेट दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात मारला गेला. बॉलही त्याच युद्धावर गेला होता. १९०० आणि १९०१ची अजिंक्यपदे त्याच्याच क्लबच्या हिल्टनने जिंकली. वर्षे बरोबर होती. त्या खंडात एक युद्ध होते, आणि नोंदीत त्याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता.

मी ग्रॅहमचा काढून टाकलेला परिच्छेद पुन्हा उघडला. १९०६ मध्ये म्युरफील्डच्या ओपनमध्ये ब्रेड, टेलर आणि व्हार्डन या त्या काळच्या तीन सर्वश्रेष्ठ व्यावसायिकांच्या मागे चौथा आला होता तो हाच ग्रॅहम. हौशी अजिंक्यपदाच्या उपांत्य फेरीत तो वारंवार पोहोचला, पण त्यापुढे कधीच गेला नाही. जून १९१५ मध्ये लिव्हरपूल स्कॉटिश पलटणीचा अधिकारी म्हणून लढताना तो बेल्जियममधील होग येथे ठार झाला. हे सगळे सकाळी माझ्या नजरेखालून गेले होते. मी शोधत होतो फक्त अजिंक्यपदांचे आकडे. त्याची मला फार खंत वाटली.

संपादकांकडे गेलो आणि मैदानाच्या रचनेचे वर्णन कमी करण्याची परवानगी मागितली. ते वर्णन सुरेख होते, पण मैदान आजही तेथे जाऊन पाहता येते. त्यांनी होकार दिला. बॉलच्या वर्षांमध्ये युद्धाचा उल्लेख घातला आणि ग्रॅहमचा परिच्छेद बॉल व हिल्टन यांच्यानंतर लगेच, अक्षराचा आकार कमी न करता, छपाईला पाठवला.