बॅकच्या आतली खूण

घड्याळ डुप्लिकेट आहे हे मुंबईच्या दुकानदाराने ओळखलं, पण कारणं सांगितली ती तिन्ही चुकीची. ती खोडून काढायला मी मोठ्या उत्साहाने बसलो आणि तिथेच फसलो.

चिपळूणच्या बाजारात आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान वडिलांपासूनचं. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस दिवसभर डोळ्याला काच लावून बारीक काम करतो. प्रत्यक्षात निम्मा दिवस सेल बदलण्यात आणि पट्ट्याच्या कड्या काढण्यात जातो, उरलेला "पार्ट यायचाय, पुढच्या आठवड्यात या" हे सांगण्यात. पण खाडीकाठच्या गावांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कुवेत, दुबई, मस्कतला जाऊन आलेली. त्यामुळे कुठल्या कपाटातून काय निघेल याचा नेम नाही. राडो खंडीभर. मधूनच एखादं रोलेक्स.

हे रोलेक्स चाचांचं. १९८९ साली कुवेतमध्ये पगार साठवून घेतलेलं डेटजस्ट, मॉडेल १६२३३, स्टील आणि अठरा कॅरेट सोनं. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. चाचा बसने इराकमधून अम्मानला पोचले, तिथून विमानाने मुंबईला. घड्याळ सगळा रस्ता मोज्यात. दुकानात आले की ही हकीकत व्हायचीच, आणि वडील दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं "मग?" म्हणायचे.

आता चाचा ऐंशीच्या घरात. परवा त्यांचा मुलगा आला, घड्याळ रुमालात बांधून. "काका, अब्बांचं घड्याळ डुप्लिकेट निघालं." तारीख बदलताना मध्येच अडकते म्हणून मुंबईत एका जुनी घड्याळं घेणाऱ्याकडे दाखवलं होतं. विकायचं नव्हतं, नुसती किंमत काढायची होती, म्हणे. सगळे असंच म्हणतात. त्या दुकानदाराने पाच मिनिटांत निकाल दिला: काचेवर सहाच्या जागी बारीक मुकुट कोरलेला नाही, आतल्या कड्यावर कंपनीचं नाव नाही, आणि अंधारात रेडियम चमकत नाही.

मला हसूच आलं. व्हिडिओ बघून तयार झालेले हे तज्ज्ञ! अहो, काचेवरचा तो मुकुट साधारण २००२ पासून यायला लागला. कड्यावरचं नाव त्याच्याही नंतरचं. १९८९च्या घड्याळावर या दोन्ही गोष्टी असत्या तर मी म्हटलं असतं, गडबड आहे. आणि रेडियमचं म्हणाल तर डायलच्या तळाशी ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना बारीक ‘टी’ आहे. टी म्हणजे ट्रिटियम. त्याची ताकद बाराएक वर्षांत निम्मी होते. पस्तीस वर्षांनी ते मेलेलंच असायला हवं. टी लिहिलेली जुनी डायल टॉर्च मारल्यावर हिरवीगार चमकली, तर कोणीतरी नव्याने रंगवली असं समजावं.

मुलाला स्टूल दिलं, चहा सांगितला आणि एकेक दाखवत गेलो. पट्टा काढून सहाच्या बाजूच्या पायांमधला नंबर दाखवला. ‘एल’ने सुरू होणारा, म्हणजे १९८९च्या आसपासचाच. अक्षरं कापल्यासारखी, कड तिरपी धरली की उजेड पकडणारी. नकली मालात ती ॲसिडने खाल्ल्यासारखी खडबडीत असतात. तारखेवरचं भिंग अडीच पट मोठं दाखवतं की नाही ते पाहिलं. आकडा खिडकीभर होता. टायमिंग मशीनवर ठेवलं. तासाला २८,८०० ठोके, रेषा सरळ, दिवसाला पाचेक सेकंद पुढे. मुलाचा चेहरा सुटला. मी त्या मुंबईवाल्याला उद्देशून दोन शब्द बोललोही.

राहिली तारीख. या घड्याळात ३१३५ नंबरचं मशीन असतं. त्यात मध्यरात्री तारीख सरकत नाही, उडते. बाराच्या ठोक्याला खट्, की नवा आकडा. काटे फिरवून पाहिलं तर अकरापासूनच आकडा खाली उतरायला लागला आणि साडेबारापर्यंत खिडकीत दोन अर्ध्या तारखा. स्प्रिंग थकली असेल, मी म्हटलं. बॅक, म्हणजे मागचं झाकण, उघडली.

आतल्या बाजूला दोन खुणा. आमच्या धंद्यात घड्याळ हाताखालून गेलं की बॅकच्या आत सुईने महिना-साल ओरखडायची पद्धत आहे, घड्याळजींची हजेरीच ती. एक वडिलांची: ३/९६. दुसरी माझी: ८/१८. मुलाला अभिमानाने दाखवलीसुद्धा.

मग मशीनकडे पाहिलं.

आधी खटकली ती लाल चाकं. ऑटोमॅटिक वाइंडिंगची दोन चाकं खऱ्या ३१३५मध्ये लाल असतात, पण तो लाल दबलेला, जांभळटाकडे झुकणारा. ही चाकं लिपस्टिकसारखी. मग हेअरस्प्रिंग, म्हणजे घड्याळाचे ठोके धरणारी केसासारखी बारीक गुंडाळी. निळी. रोलेक्सची निळी स्प्रिंग २००५ नंतरची, १९८९च्या मशीनमध्ये ती कुठून येणार? कुणी सर्व्हिसिंगमध्ये बदलली असेल, अशी मी स्वतःची क्षणभर समजूत घातली. पण खऱ्या स्प्रिंगचा शेवटचा वेढा वर उचलून आत वळवलेला असतो, त्याला आम्ही ब्रेगे वळण म्हणतो. बाजूने पाहिलं की एका स्प्रिंगवर दुसरी तरंगतेय असं दिसतं. इथे सगळे वेढे एका पातळीत, जिलबीसारखे चपटे. बॅलन्सवरचा, म्हणजे ठोके देणाऱ्या चाकावरचा, पूल (चाक धरून ठेवणारी पट्टी) मात्र दोन्ही बाजूंनी टेकलेला, नक्षी बरोबर, कंपनीचं नाव बरोबर. नक्कल करणाऱ्याने जीव ओतलाय. खऱ्या डायलचे पाय बसतील अशी भोकंसुद्धा जागच्या जागी.

केस खरी, डायल खरी, सोनं खरं. आतला जीव तेवढा बदललेला.

तोवर मी शांत होतो, कारण असे बदल पाहिलेत. मग रोटर, म्हणजे हात हलला की फिरून चावी भरणारं वजन, काढला आणि हात थांबला. रोटरखालचा पूल कोरा होता, आरशासारखा.

२०१८च्या ऑगस्टमध्ये चाचा हे घड्याळ घेऊन आले होते ते आतून खरखर आवाज येतो म्हणून. रोटरचा आस झिजून तो खाली घासत होता. ३१३५चं ते जुनं दुखणं. पुलावर अर्ध्या चंद्रासारखा ओरखडा पडला होता, मी स्वतः आयग्लासमधून पाहिलेला. ओरखडा पुसून जात नाही. म्हणजे समोरचं मशीन ते नव्हेच.

तेव्हा आस माझ्याकडे नव्हता. स्विस कंपन्या आमच्यासारख्या सुट्या कारागिरांना पार्ट देत नाहीत, त्यांच्या ठरलेल्या सेंटरवर जा म्हणतात, आणि तिथलं बिल चाचांच्या पेन्शनीत बसत नाही. म्हणून मी ते मुंबईच्या एका कारागिराकडे पाठवलं. सवयीप्रमाणे खूण आधीच ओरखडून ठेवली. तीन आठवड्यांनी घड्याळ परत आलं तेव्हा गणपती तोंडावर होते, दुकानात गर्दी. कानाला लावलं, खरखर बंद. न उघडता टायमिंग मशीनवर ठेवलं, रेषा सरळ. चाचांना दिलं, पैसे घेतले.

बॅक उघडली नाही. दोन मिनिटांचं काम.

"मग मशीन कधी बदललं, काका?" मुलाने विचारलं. तुम्ही मधे आणखी कुणाला दिलं होतं का, असं मी उलट विचारलं. आपल्या तोंडून आधी हा प्रश्न निघाला याची लाज वाटते. तो म्हणाला, "तुमच्याशिवाय कुणी हात लावला नाही. अब्बा ईदला घालायचे आणि कुणाच्या लग्नाला, बस."

त्या कारागिराचा फोन बंद आहे. लॉकडाउनमध्ये दुकान आवरून गावी गेला, एवढंच त्याच्या शेजाऱ्याने सांगितलं. त्याने बदललं, त्याच्या हाताखालच्या पोराने, की तोही माझ्यासारखाच पुढे कुणाकडे पाठवून मोकळा झाला? मशीनवर नंबर असतो. वडील दर वेळी तो वहीत लिहायचे. मी कधी लिहायचो, कधी नाही. २०१८ची वही असती तर निदान कळलं असतं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी बाजारात शिरली, त्यात सगळ्या वह्यांचा लगदा झाला. पुराबद्दल इतकी वर्षं मी फक्त हळहळत आलो. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं, बरं झालं वही नाही. हेही लिहून ठेवतो.

मुलाला सांगितलं शेवटी. मीच बाहेर पाठवलं होतं, परत आल्यावर उघडून पाहिलं नाही. खरं जुनं मशीन मिळतंय का शोधतो, पैसे माझे. तो बराच वेळ बॅकवरच्या त्या ८/१८कडे बघत होता. मग रुमालाची घडी करून खिशात घातली. "अब्बांना नका सांगू," म्हणाला, आणि घड्याळ माझ्या खणात ठेवून गेला.

काल चाचांचाच फोन. आवाज खोल गेलाय, पण हुकूम तसाच. "काय रे, तारीख उडते काय आता? ईद तोंडावर आली."

"पार्ट यायचाय, चाचा," मी म्हटलं.