फ्लेम मेपल, तून आणि मधला पावसाळा : गिटार बनवून घेण्याचा माझा अनुभव

इलेक्ट्रिक गिटारला नक्षीदार लाकूड लावलं की आवाज सुधारतो, असं दुकानदार सांगतात, यूट्यूबवाले सांगतात, आणि ज्यांनी तशी गिटार घेतली आहे ते तर शपथेवर सांगतात. आता माझ्याकडेही तशी एक आहे, मुद्दाम बनवून घेतलेली, तरी मी त्या पंक्तीत बसायला तयार नाही. पिकअपला, म्हणजे तारांखालच्या चुंबक-गुंडाळीला, कळते ती चुंबकावर थरथरणारी पोलादी तार. अंगावरची दोन सूत जाडीची मेपलची फळी लहरदार आहे की साधी, याचं त्याला सोयरसुतक नाही. ते लाकूड मी दिसण्यासाठी घेतलं, दिसण्याचे पैसे वेगळे मोजले आणि मला त्याची लाजही वाटत नाही. हे एकदा स्वतःशी कबूल केलं की बाकीच्या गोष्टींसाठी कारागिराचं ऐकणं सोपं जातं.

मी पुण्यात राहतो, बँकेत नोकरी करतो आणि कॉलेजपासून गिटार वाजवतो, स्टेजवर कमी आणि घरी जास्त. गिटार बनवणारा तिशीतला आहे. नाव देत नाही, त्याच्याकडे आधीच रांग आहे. घरचा धंदा फर्निचरचा, त्यामुळे रंधा-पटाशी लहानपणापासून हातात. शहराबाहेर पत्र्याची शेड आहे, तिथे एकटाच काम करतो. पहिल्याच फोनवर त्याने मला ‘काका’ केलं आणि तो विषय तिथेच संपला.

मी मोबाइलमध्ये निळ्याशार क्विल्टेड, म्हणजे गोलसर फुगवट्यांच्या नक्षीच्या, मेपलचे फोटो भरून गेलो होतो. त्याने ते बघितलेच नाहीत.

“काका, आधी तुमची आत्ताची गिटार द्या.”

ती उलटीपालटी केली, नेकची, म्हणजे गिटारच्या मानेची, जाडी पहिल्या आणि बाराव्या फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) व्हर्निअरने मोजली, फ्रेट कुठे झिजलेत ते बघितलं. मग म्हणाला, “बेंड घेताना, तार बाजूला ओढून सूर चढवताना, करंगळीशेजारच्या बोटावर जोर येतो ना तुमच्या?” येतो. त्या दिवशी लाकडाबद्दल फारसं बोलणं झालंच नाही. ठरली ती स्केल, म्हणजे मानेच्या टोकाच्या नटपासून अंगावरच्या ब्रिजपर्यंत तारेची लांबी. फेंडर कंपनीच्या गिटारींची साडेपंचवीस इंच, गिबसन कंपनीची म्हणतात ती पावणेपंचवीस. लांबी कमी केली की त्याच सुराला तारेवर ताण कमी लागतो. पन्नाशीतल्या बोटांना पावणेपंचवीस बरी, असं त्याचं मत पडलं आणि मी मान डोलावली.

फ्लेम मेपलचं वेडही गिबसनकडूनच आलेलं आहे. १९५२ साली त्यांची लेस पॉल ही गिटार बाजारात आली ती सोनेरी रंगात. वर मेपलच होतं, पण रंगाखाली झाकलेलं. १९५८ मध्ये पारदर्शक सनबर्स्ट रंग आला आणि लाकूड उघडं पडलं. काही गिटारींवर साधी फळी, काहींवर नुसत्या ज्वाळा. १९६० मध्ये ते मॉडेल थांबलं, कारण खप नव्हता. आज त्याच गिटारी लाखो डॉलरना विकल्या जातात. पुढे १९८५ साली पॉल रीड स्मिथने अमेरिकेत मेरीलँडमध्ये कंपनी काढली, आणि तिथे उत्तम नक्षीच्या फळीला ‘टेन टॉप’ म्हणून वरचे पैसे लावायला सुरुवात झाली. आधी योगायोग होता, नंतर त्याचं दरपत्रक झालं.

ही नक्षी म्हणजे नक्की काय, हे त्याने मला एका कापलेल्या तुकड्यावर दाखवलं. मेपलच्या काही झाडांत तंतू सरळ न वाढता नागमोडी वाढतात. असं लाकूड चिरलं की पृष्ठभागावर काही ठिकाणी तंतूची बाजू येते, काही ठिकाणी टोक. बाजू उजेड परतवते, टोक उजेड गिळतं. म्हणून फळी हातात फिरवली की उजळ आणि काळपट पट्टे जागा बदलतात, पैठणीच्या धूपछांव रंगासारखे. खोड मध्यापासून सालीच्या दिशेने चिरलं तर हे पट्टे आखीव आणि आडवे येतात, तो फ्लेम. सालीला समांतर चिरलेल्या फळीवर मात्र गोलसर फुगवटे दिसतात, तो क्विल्ट, आणि तो बहुतेक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बिगलीफ मेपलमध्ये सापडतो. म्हणजे झाड चांगलं असूनही करवतीची दिशा चुकली तर नक्षी गेली.

टॉप, म्हणजे गिटारच्या अंगावरची ही नक्षीदार फळी, नेहमी जोडीने येतो. एक जाड फळी मधून चिरायची आणि दोन्ही फाका शेजारी उघडून मधोमध चिकटवायच्या, याला बुकमॅच म्हणतात. कागदावर डावी-उजवी बाजू एकमेकींचं प्रतिबिंब असायला हवी. प्रत्यक्षात डावीकडे उजळ पट्टा असतो तिथे उजवीकडे त्याच रेषेत काळपट दिसतो, आणि गिटार थोडी कलती केली की उलट होतं. बघणाऱ्याला वाटतं जोड चुकलाय. पण चिरताना एका फाकेत जो तंतू वर येतो तोच दुसऱ्या फाकेत खाली जातो, त्याला कोणाचाच इलाज नाही. मला तर आता तीच गंमत वाटते.

ही वस्तू भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात चक्कर मारून मिळण्यातली नाही. मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवली. फोटोत फळी पेटलेली होती. हातात पडली ती विझलेली. कारागिराने फडक्यावर स्पिरिट घेऊन एकदा फिरवलं, आणि फोटोतली फळी डोळ्यासमोर हजर. अर्ध्या मिनिटात स्पिरिट उडालं, नक्षीही त्याच्याबरोबर गेली. ओली करून फोटो काढला होता, आणि वर्णनात तसा एक शब्द नव्हता. तक्रार केली तर उत्तर आलं की लाकूड नैसर्गिक असतं, फरक राहतोच. बऱ्याच पत्रापत्रीनंतर थोडे पैसे परत आले. त्या फळीतून पुढे हेडस्टॉकची, म्हणजे खुंट्यांच्या टोकाची, पट्टी आणि मागच्या खणाचं झाकण निघालं, तेवढंच.

दुसऱ्या खेपेला मागणी कारागिरानेच केली. कोरड्या फळीचा व्हिडिओ मागितला, दिवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेत काढलेला. फळीवर पेन्सिलने गिटारचा आकार आखून मागितला, कारण नक्षी बरेचदा मध्ये दाट असते आणि शिंगांपाशी, म्हणजे मानेशेजारच्या दोन टोकांपाशी, विरून जाते. ‘ट्रिपल ए’, ‘फाइव्ह ए’ या दर्जाकडे त्याने बघितलंही नाही. ते ज्याचे त्याचे असतात, एकाचा तीन म्हणजे दुसऱ्याचा पाच.

मागच्या अंगाला महोगनी हवी होती, लेस पॉलसारखी. त्याने तून सुचवली. मिरजेत सतार-तंबोरे बनतात ते याच लाकडाचे, आणि तून आहे महोगनीच्याच कुळातली. आपला कडुनिंबही त्याच कुळातला, हे मला तेव्हा कळलं. हलकी, तांबूस, पटाशीला ऐकणारी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या बातमीत भोपळ्याबद्दल पुष्कळ होतं, लाकडाबद्दल कमी. शेडमध्ये तुनीची फळी भिंतीला टेकवून ठेवली होती, तिच्यावर बोटाने टिचकी मारली तर खणखणीत वाजली. अर्थात मी वर काय म्हटलंय ते लक्षात आहे. टिचकी ऐकायला छान वाटली, इतकंच.

फ्रेटबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं दाबायची पट्टी, शिसवीचा. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवीच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्सचं, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, बंधन आलं आणि परदेशी गिटार कंपन्यांनी स्वस्त मॉडेलवर दुसरी लाकडं लावायला घेतली. त्यातलं एक म्हणजे ‘इंडियन लॉरेल’. हा आपला सह्याद्रीतला ऐन, मगरीच्या कातडीसारख्या सालीचा! तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरात सूट मिळाली, पण ऐन तिकडे टिकून आहे. मला ऐन घ्यायला आवडलं असतं, पण त्याच्याकडे वाळलेली शिसवी तयार होती.

वाळलेली हा शब्द त्याच्या तोंडात दिवसभर असतो. मेपल आल्यावर त्याने पॅकिंग सोडलं, फाकांच्या मध्ये पट्ट्या घालून हवा खेळेल अशा रचल्या आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून भिंतीवर खडूने लिहीत गेला. वजन हलायचं थांबलं की लाकूड इथल्या हवेला सरावलं. पुण्यात एप्रिलची कोरडी हवा आणि जुलैची ओली हवा यांत लाकडातला ओलावा दुपटीहून जास्त बदलू शकतो. सरावाआधी चिकटवलेला टॉप पुढे जोडावर उघडतो किंवा अंगाला वाकवतो. मी मात्र दर आठवड्याला फोन करत होतो. “अजून चार ग्रॅम, काका,” एवढंच उत्तर यायचं.

नक्षीदार लाकडाची खरी किंमत कामाच्या वेळी कळते. जो नागमोडी तंतू उजेडात सुंदर दिसतो, तोच रंध्याच्या पात्याला अडतो आणि ढलपी उपटून देतो. त्यामुळे शेवटची सफाई त्याने रंध्याने केलीच नाही, स्क्रेपरने केली. हातात पोलादाची पातळ पाती, धारेला किंचित वळवलेली कड, आणि पिंजलेल्या कापसाइतके हलके छिलके. मी शेजारी स्टुलावर बसून बघत होतो. राउटरने, म्हणजे कड कोरणाऱ्या यंत्राने, कड फिरवताना मात्र खालच्या शिंगापाशी टक् आवाज आला आणि नखाएवढी चीप उडाली. तो काही बोलला नाही. बॅटरी घेऊन जमिनीवर बसला, भुशातून ती चीप शोधून काढली आणि सुपरग्लूने जिथल्या तिथे बसवली. आज मला ती जागा माहीत आहे म्हणून दिसते.

रंगाचा निर्णय निळ्यावर अडला होता. त्याने उरलेल्या मेपलच्या पट्ट्यांवर चार नमुने करून दाखवले. मेपल मुळात पिवळट, वरचं लॅकर काळाबरोबर आणखी पिवळं पडतं, आणि पिवळ्यावर निळा म्हणजे हळूहळू हिरवा. शिवाय निळी गिटार हॉलमध्ये टांगायची नाही, असं घरून कळवण्यात आलं होतं. शेवटी मधाळ तपकिरी ठरला. पद्धत बघण्यासारखी आहे. आधी सगळ्या टॉपवर काळा डाय स्पिरिटमध्ये कालवून चोळायचा. इतकं सुंदर लाकूड डांबरासारखं काळं झालेलं बघून पोटात गोळा येतो. मग काचकागदाने तो घासून काढायचा. तंतूंच्या टोकांनी डाय खोल पिलेला असतो, तो तिथेच राहतो, बाजूंवरचा निघून जातो. त्यावर तपकिरी रंग आला की पट्टे दुप्पट खोल दिसतात. तयार गिटारींच्या फोटोंतली अर्धी जादू ही असते, झाडाची नव्हे.

इथवर जून उजाडला आणि काम थांबलं. हवेत दमटपणा असताना लॅकर मारलं की ते दुधाळ होतं, आणि त्याचं दोन भागांचं पीयू (पॉलियुरेथेन) ओलाव्याशी रासायनिक क्रिया करून बुडबुडे धरतं. फर्निचरवाले पावसातही मारतात, पण ते कपाटाच्या दाराला. गणपती आले, गेले. दसऱ्याला गिटार हातात घेऊन पूजा करायची असं मी मनात धरलं होतं, तर त्या दिवशी ती शेडमध्ये रंगाच्या चौथ्या हातात टांगलेली होती.

बाकीचं भराभर झालं. दोन हंबकर, म्हणजे दुहेरी गुंडाळीचे, पिकअप घेतले. आमच्या सोसायटीचं वायरिंग जुनं आहे आणि सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा पिकअप) तिथे पन्नास हर्ट्झची घरघर सोडत नाही. हंबकरमध्ये दोन उलट्या गुंडाळ्या ती एकमेकींत मारतात. आतल्या खणांना तांब्याची पट्टी लावली. जास्तीचे पैसे मी दुसऱ्या एका ठिकाणी आनंदाने दिले, ते म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या फ्रेटसाठी. नेहमीच्या फ्रेट जर्मन सिल्व्हरच्या असतात, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, आणि माझा घाम त्या वर्षभरात हिरव्या करतो. स्टीलने त्याच्या कानशी झिजतात म्हणून तो वेगळे पैसे लावतो. त्यात कुरकुर करण्यासारखं काही नाही. कुणी मला विचारलं की बजेट तंग आहे, टॉप घ्यायचा की फ्रेट, तर मी डोळे मिटून फ्रेट सांगेन. वाजवताना हात तिथे असतो, टॉप तर बघणाऱ्याला दिसतो.

डिसेंबरात गिटार घरी आली. मी अपेक्षेपेक्षा जास्त वाजवतो, कारण नेक हातात बसतो. मित्र येतात ते मात्र आधी टॉपकडेच बघतात आणि मग विचारतात, “आवाजात फरक पडतो का रे?” खिडकीसमोर टांगू नका, अशी ताकीद होती. १९५८ ते ६० च्या लेस पॉलवरचा लाल रंग उन्हाने उडाला होता, काहींचा पार गेला. हॉलमधल्या भिंतीवर जागा मिळाली ती पंख्याच्या बटणांशेजारी, कारण तिथे ऊन येत नाही.

एप्रिलमध्ये शिसवी आकसली आणि फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बोटाला टोचायला लागली. घेऊन गेलो. “पहिला उन्हाळा आहे, काका, हे होणारच होतं,” असं म्हणत त्याने टोकांवरून कानस फिरवली, ट्रस रॉडला, म्हणजे मानेतल्या वाक ठरवणाऱ्या सळईला, पाव फेरा दिला, तारा पुन्हा लावल्या. पैसे घेतले नाहीत. चहा मात्र मला पाजावा लागला, त्याला आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्यालाही.