मायर, घर क्रमांक १

मायर आडनावाचा ग्राहक आला की आमच्या कार्यालयात त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो स्पेलिंगचा. हे जर्मन आडनाव ई-आय, ई-वाय, ए-आय, ए-वाय अशा चार प्रकारांनी लिहिले जाते, दक्षिणेकडे शेवटचा ई गाळून त्याची आणखी रूपे होतात, आणि उच्चार मात्र सगळ्यांचा एकच. त्यामुळे इथला कोणताही मायर फोनवर नाव सांगताना ‘वायवाला’ किंवा ‘ए-आयवाला’ अशी पुस्ती न विचारताच जोडतो. वायव्य जर्मनीतल्या बीलेफेल्ड शहरात वंशावळी शोधून देणाऱ्या एका लहानशा कार्यालयात मी जुनी हस्तलिखिते वाचण्याचे काम करते. हे आडनाव जर्मनीतल्या सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या दहांत मोडते, त्यामुळे त्याची प्रकरणे आमच्याकडे सतत येतात आणि बहुतेक फार खळखळ न करता निकाली निघतात. अमेरिकेतल्या मिसूरीहून आलेल्या एका निवृत्त गृहस्थांचे प्रकरण मात्र मी विसरणे शक्य नाही.

त्यांनी वाय-गुणसूत्राची चाचणी करून घेतली होती. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जात असल्याने, ज्यांचे निकाल एकमेकांशी जुळतात त्यांचा पुरुष-पूर्वज कुठेतरी एकच असतो. त्यांच्या यादीत एकही मायर नव्हता. जे जुळत होते त्यांतले बहुतेक सगळे एकाच वेगळ्या आडनावाचे होते. गोपनीयतेसाठी त्या आडनावाला मी इथे ब्रिंकमान म्हणते. कागद माझ्यासमोर सरकवत ते म्हणाले, “आमच्या घरात कोणी कोणाला फसवले, एवढेच मला मरण्यापूर्वी कळायला हवे.” त्यांच्या एका चुलतबहिणीने तर आपण मुळात ज्यू असलो पाहिजे असा निष्कर्ष काढून नातेवाइकांना कळवूनही टाकला होता.

चुलतबहिणीच्या तर्कात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. प्रकाश देणारा या अर्थाचे मेइर हे हिब्रू व्यक्तिनाम आहे, आणि १८१२ च्या फर्मानाने प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातल्या ज्यू कुटुंबांना कायमची आडनावे घ्यावी लागली तेव्हा अनेकांनी या नावाशी जुळणारे, शेजारच्या ख्रिस्ती मायरांसारखेच दिसणारे आडनाव पत्करले. परंतु या गृहस्थांच्या खापरपणजोबांच्या मिसूरीतल्या थडग्यावर जन्मस्थान म्हणून हेरफोर्ड जिल्हा आणि प्रशिया असे कोरलेले होते, आणि त्या भागातल्या लुथरपंथी चर्चच्या नोंदवहीत त्यांचा बाप्तिस्मा मला पहिल्या काही तासांतच सापडला. तो प्रश्न तिथे मिटला.

मायर हे मुळात एका पदाचे नाव आहे. लॅटिनमधल्या ‘मायोर’ म्हणजे मोठा, वरचा या शब्दापासून ते आले; फ्रँक राजांच्या वाड्याचा कारभारी ‘मायोर डोमुस’ म्हणवला जाई, आणि त्याच पदावरच्या पिपिनने ७५१ मध्ये राजालाच बाजूला सारून मुकुट घेतला. खेड्यातला मायर अर्थातच त्यापेक्षा पुष्कळ लहान माणूस होता. मठाची, बिशपची किंवा सरदाराची जमीन दूरदूर विखुरलेली असे. हेरफोर्डच्या प्राचीन स्त्री-मठाची तर अशी कितीतरी गावे होती. त्या जमिनींतल्या मुख्य शेतावर बसून भोवतालच्या कुळांकडून धान्य आणि जनावरे वसूल करणारा, किरकोळ तंटे मिटवणारा आणि मालकाला हिशेब देणारा तो मायर. बाराव्या-तेराव्या शतकांपासून ही व्यवस्था मोडत गेली. कारभार संपला, पण मुख्य शेत आणि मायर हे नाव राहिले, आणि वायव्य जर्मनीत मायर म्हणजे गावातल्या सर्वांत मोठ्या वाड्याचा वंशपरंपरागत शेतकरी असा अर्थ रूढ झाला. पाटीलकी जाऊनही पाटील हे आडनाव उरते, तसाच हा प्रकार आहे असे मला पहिली काही वर्षे वाटत असे. ते निम्मेच खरे आहे, आणि उरलेले निम्मेच या प्रकरणात महत्त्वाचे ठरले.

स्पेलिंगचा आम्ही इतका आग्रह धरतो त्याचे कारण नकाशात आहे. २००५ च्या दूरध्वनी जोडण्यांच्या आधारे फ्रायबुर्ग आणि माइन्त्स येथील अभ्यासकांनी जर्मन आडनावांचे नकाशे तयार केले, त्यांत ई-वायवाले मायर नीडरझाक्सन आणि त्याच्या आसपास दाट दिसतात, ए-आय आणि ए-वाय दक्षिणेकडे वुर्टेम्बर्ग आणि बव्हेरियात, तर शेवटचा ई गाळलेले रूप आउग्सबुर्ग, आल्गॉय आणि ऑस्ट्रियाच्या बाजूला. विज्ञानाच्या पुस्तकांतली नावे घेतली तरी हे पडताळता येते: मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणारे लोथार मायर ओल्डेनबुर्गमधल्या फारेलचे, म्हणून ई-वाय, ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सांगणारे रॉबर्ट मायर हाइलब्रॉनचे, म्हणून ए-वाय, आणि उत्क्रांतिशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर केम्प्टनचे, म्हणून त्यांच्या नावात शेवटचा ई नाही. जुन्या पाद्र्यांना या फरकाचे काही वाटत नसे. एकाच माणसाचे नाव ते एकाच पानावर दोन प्रकारे लिहीत. १८७४ मध्ये प्रशियात आणि १८७६ पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली तेव्हा ज्याचे जे स्पेलिंग त्या वेळी वहीत पडले ते कायमचे झाले. १९०१ च्या शुद्धलेखन परिषदेनेही आडनावांना हात लावला नाही, हे त्या परिषदेचे शहाणपणच म्हणायचे.

ते गृहस्थ प्रत्यक्ष आले त्या दिवशी मी त्यांना शेजारी बसवून घेतले, कारण त्यांच्या फायलीत एक छायाचित्र होते आणि त्याविषयी मला त्यांच्याशी बोलायचे होते. इथल्या जुन्या शेतघरांच्या मोठ्या दरवाजावर, बैलगाडी आत जाईल एवढ्या उंच कमानीच्या तुळईवर, घर बांधणाऱ्या जोडप्याची नावे, बायबलमधले एखादे वचन आणि साल कोरण्याची पद्धत आहे. नवऱ्याचे आडनाव आणि बायकोचे माहेरचे आडनाव अशी दोन्ही तिथे येतात. या तुळईवर नवरा मायर होता आणि बायको, जिचे नाव त्या भागात घरोघरी आढळणारे इल्झाबाइन असे होते, तीही माहेरची मायर. चुलत भावंडांचे लग्न झाले असावे असे धरून त्यांनी शेजारच्या गावात बाप्तिस्मा झालेला, वयाने जुळणारा एक मायर शोधून वंशावळीत चिकटवलाही होता. हौशी वंशावळीत ही गोष्ट नेहमीची आहे. नाव जुळले आणि वय जुळले की माणूस तोच, असे मानण्याचा मोह भल्याभल्यांना होतो.

मी विवाहाची वही उघडली. १७९० च्या दशकातले ते पान वाचायला अवघड नव्हते. पाद्र्याचे अक्षर टोकदार असले तरी एकसारखे होते, आणि वायवर तो नेमाने दोन टिंबे देत असे. वधू मायर, घर क्रमांक १, वाड्याची वारस. वर ब्रिंकमान, त्याच चर्चच्या हद्दीतल्या दुसऱ्या वस्तीवरचा. त्यानंतर बाप्तिस्म्याच्या वहीत पहिल्या मुलाची नोंद काढली: बाप मायर, घर क्रमांक १, नावापुढे वाड्याच्या धन्याला लावतात ती ‘कोलोनुस’ ही लॅटिन उपाधी. ब्रिंकमान हा शब्द त्या वहीत पुन्हा आला नाही. मृत्यूच्या नोंदीतही तो मायर म्हणूनच गेला, आणि वयावरून मागे मोजत गेल्यावर बाप्तिस्म्याची तारीख ब्रिंकमान मुलाच्या तारखेशी दिवसासकट जुळली.

आमच्या भागातल्या रावेन्सबेर्ग, लिपे, ओस्नाब्रुक या सगळ्या पट्ट्यात वाड्यावर घरजावई म्हणून येणारा पुरुष वाड्याचे नाव घेत असे. शेताची वाटणी होत नसे. ते एकाच वारसाकडे जाई, आणि वारस मुलगी असेल तर जावई शेताबरोबर नावही स्वीकारी. खंडाच्या, करांच्या आणि वेठीच्या याद्यांत क्रमांक १ ला मायर लागे, तिथे दुसरे नाव चालत नसे. काही पाद्री जुने नाव आधी लिहून पुढे ‘गेनान्ट’, म्हणजे ‘म्हणवला जाणारा’, असा शब्द जोडत आणि मग नवे नाव लिहीत. असा पाद्री मिळाला की आमचे अर्धे काम तोच करून ठेवतो. १८२२ मध्ये प्रशियाच्या राजाने परवानगीवाचून आडनाव बदलण्यास दंडाची धमकी देऊन बंदी केली, त्यानंतर ही रीत हळूहळू आटली. पाटीलकीशी असलेले साम्य संपते ते इथे. पाटील हे आडनाव घराण्याबरोबर चालते. इथे मायर हे नाव घराला चिकटलेले होते, त्यात राहायला येणाऱ्या माणसाला ते लागे.

मी हे सांगितले तेव्हा त्या गृहस्थांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला आणि मग विचारले, “म्हणजे कोणीही कोणाला फसवले नाही?” नाही, असे मी म्हटले, उलट सगळ्या गावासमोर, पाद्र्याच्या आणि जमीनमालकाच्या संमतीने झालेली ही गोष्ट आहे. ते मोठ्याने हसले. चुलतबहिणीला फोन लावण्यासाठी ते बाहेर गेले तेव्हा मला वाटले की काम संपले.

परत आल्यावर त्यांनी पुढचा प्रश्न काढला, आणि तो रास्त होता. ब्रिंकमान हे नाव गुणसूत्रातून आले, मायर हे इल्झाबाइनकडून. मग तिच्या बाजूने तरी आपण जुन्या मायरांचे वंशज आहोतच की. रावेन्सबेर्ग परगण्यातल्या सगळ्या शेतांची १५५६ मध्ये तपशीलवार मोजणी झाली होती आणि ती नोंद छापील स्वरूपात उपलब्ध आहे, हे त्यांनी वाचलेले होते. मी ग्रंथ आणला. त्यांच्या वस्तीत मायर पहिलाच होता, त्याच्या जमिनी आणि देणी ओळीने दिलेली होती. त्या पानावर बोट ठेवून ते मला म्हणाले, “हा माझा.”

मला होय म्हणता आले नाही, कारण मधली एक पिढी मी आदल्या दिवशीच वाचून ठेवली होती. १७३० च्या दशकात वाड्याचा धनी लहान मुलगा मागे ठेवून वारला. अशा वेळी विधवेने दुसरे लग्न करावे आणि मुलगा सज्ञान होईपर्यंत नव्या नवऱ्याने धनी म्हणून शेत चालवावे, असा या भागाचा रिवाज होता. त्याला ‘इन्टेरिम्सविर्ट’, म्हणजे मधल्या काळापुरता धनी, म्हणत. त्यालाही मायर हेच नाव लागे. मुदत संपली की त्याने शेत सावत्र मुलाच्या हवाली करून वाड्याच्या कडेला म्हाताऱ्यांसाठी असलेल्या छोट्या घरात राहायला जायचे. या वाड्यावर ती मुदत संपलीच नाही. मृत्यूच्या वहीत सावत्र मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना तापाने गेल्याची नोंद आहे, आणि पुढे शेत आले ते विधवेला दुसऱ्या नवऱ्यापासून झालेल्या मुलाकडे. इल्झाबाइन त्याची नात. विधवा बाहेरून सून म्हणून आलेली, दुसरा नवरा बाहेरचा. म्हणजे या जागी १५५६ च्या मायराचे रक्त पूर्णपणे संपले, आणि वहीत मात्र मायर, घर क्रमांक १, ही ओळ एका अक्षराचाही फरक न पडता पुढे चालू राहिली.

एंगर गावाजवळ काही मायर वाडे आहेत, त्यांच्या धन्याच्या अंत्ययात्रेत शवपेटीमागून खोगीर चढवलेला घोडा चालवतात आणि आपला मान सॅक्सनांचा सरदार विडुकिंड याच्या काळापासूनचा आहे असे सांगतात. या कथेवर माझा फारसा विश्वास नाही, पण ती सांगणाऱ्यांना रक्ताचा हिशेब विचारण्याची घाईही मी आता करत नाही.

खापरपणजोबांचा देशत्याग त्या मानाने सरळ होता. वाडा भावाकडे गेला, ते स्वतः दुसऱ्याच्या शेतावर कूळ म्हणून राहून अळशीचे तंतू कातत आणि त्यांचे कापड विणत. इंग्लंडमधले यंत्रावरचे सूत येऊ लागल्यावर रावेन्सबेर्गचा हातकताईचा धंदा बसला आणि १८४० च्या दशकात ते निघाले. ब्रेमेनच्या त्या काळच्या प्रवासी याद्या नष्ट झालेल्या आहेत, पण देश सोडण्याच्या परवानगीचे कागद डेटमोल्डच्या सरकारी अभिलेखागारात मिळाले. शेत नसलेला हा मायर मायर म्हणूनच जन्मला होता, म्हणून ते नाव तो घेऊन गेला.

निघताना त्या गृहस्थांनी १५५६ च्या पानाची छायाप्रत तरीही मागून घेतली. मग ब्रिंकमानांची चौकशी सुरू झाली: ‘ब्रिंक’ म्हणजे वस्तीच्या कडेचा गवताळ उंचवटा, तिथे घर बांधणारा तो ब्रिंकमान, आणि असे उशिरा आलेले छोटे शेतकरी जुन्या याद्यांत सहसा सापडत नाहीत, हे मी त्यांना सांगितले. नवरदेवाचा बाप तरी जन्माने ब्रिंकमान होता का, असे त्यांनी विचारले. ती वही मी अद्याप उघडली नव्हती. त्यांनी तिथेच नव्या कामाची आगाऊ रक्कम भरली, अहवालाच्या दोन प्रती सांगितल्या, आणि दुसरी प्रत ज्यांना पाठवायची त्या मिसूरीतल्या एका ब्रिंकमानांचा पत्ता माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून दिला.