हवेतून वीज, पण मोटर का अडते?

वायरशिवाय वीज पाठवताना दोन कॉइल समोरासमोर धरून एलईडी सहज पेटतो. मोटरचं तसं नाही. सुरू होताना डीसी मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट मागते. रिसीव्हरला, म्हणजे वीज घेणाऱ्या कॉइलच्या सर्किटला, तो देता येत नाही, व्होल्टेज कोसळतं, मोटर नुसती गुणगुणते आणि शाफ्ट जागचा हलत नाही.

म्हणून रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडनंतर) 1000 मायक्रोफॅरडचा, 35 व्होल्टचा कपॅसिटर लावा आणि तो पूर्ण भरल्यावरच मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) मोटर जोडा. हा क्रम मोडू नका, सगळं यश त्यातच आहे.

24 मायक्रोहेन्रीच्या कॉइलसोबत 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर घेतला की रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला वीज सर्वात चांगली पोचते ती) साधारण 103 किलोहर्ट्झला येतो. हा कपॅसिटर पॉलिप्रोपिलीनचाच घ्या. साधा सिरॅमिक तापला की ट्यूनिंग सरकतं. रेक्टिफायरचे डायोड शॉटकी (झटपट बंद होणारे) हवेत. नेहमीचा 1N4007 डायोड या वेगाला वेळेत बंदच होत नाही, बोट लावलं तर चटका बसतो!

मोटर काढल्यावर व्होल्टेज उसळतं, त्यामुळे जादा व्होल्टेज अडवणारा झेनर किंवा टीव्हीएस डायोड हवाच. मोटरची लोखंडी बॉडी कॉइलला चिकटवू नका. मध्ये फेराइट शीट (चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे वळवणारा पत्रा) ठेवा. ब्रशच्या ठिणग्यांसाठी मोटरच्या टर्मिनलवर थेट 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा.