माळ्यावरचा टीव्ही आणि स्थितिक विद्युत : माझा अनुभव

सातवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकातला ‘स्थितिक विद्युत’ हा धडा माझ्या मुलीने तो शाळेत शिकवला जाण्याआधीच वाचून काढला आणि दिवसभर ती कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयत्न करत बसली. जुलै महिना होता, सांगलीत आठवडाभर पावसाची रिपरिप चालू होती, आणि एकही कपटा जागचा हलत नव्हता. तिचा हिरमुसलेला चेहरा पाहून मला आमच्या लहानपणचा टीव्ही आठवला. संच लावला की काचेतून चटचट आवाज यायचा, दंड काचेजवळ नेला की त्यावरची बारीक लव उभी राहायची आणि पुसलेल्या काचेवर दुसऱ्या दिवशी पुन्हा धूळ चिकटलेली असायची. सासऱ्यांनी १९९८ साली घेतलेला २१ इंची रंगीत संच आमच्या माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला होता. तो आम्ही दोघींनी खाली उतरवला.

इतकी वर्षे बंद असलेला संच थेट प्लगला जोडणे मला योग्य वाटले नाही, म्हणून आमच्या पेठेत पूर्वी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावले. त्यांनी वायर बदलली, संच चालू करून पाहिला आणि निघताना बजावले, “वहिनी, काचेच्या पुढे काय करायचं ते करा, पण मागचं झाकण कधीही उघडू नका. संच बंद असला तरी ट्यूबमध्ये करंट धरून राहतो.” हे त्यांचे वाक्य मी मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. रंगीत पिक्चर ट्यूबच्या आतल्या भागाला सुमारे २५,००० व्होल्ट इतका विद्युत दाब दिलेला असतो. काचेच्या आतून आणि बाहेरून ग्राफाइटचा लेप असल्यामुळे ती ट्यूब स्वतःच एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारे साधन, बनते आणि संच बंद केल्यावरही तिच्यातला प्रभार, म्हणजे साठलेली वीज, कित्येक तास, कधी कधी त्याहून जास्त काळ, टिकून राहतो. आमचे सगळे प्रयोग समोरच्या काचेवरच झाले, आणि कोणी हे करून पाहणार असेल तर त्यांनीही ही मर्यादा ओलांडू नये, असे मी कळकळीने सांगते.

आमची कल्पना साधी होती. काचेवर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चिकटपट्टीने लावायची, तिला एक वायर जोडायची आणि वायरचे दुसरे टोक शीतपेयाच्या रिकाम्या डब्याला लावायचे. त्याच्या शेजारी दोन बोटांच्या अंतरावर तसाच दुसरा डबा ठेवून तो नळाच्या जमिनीत जाणाऱ्या लोखंडी पाइपला जोडायचा, आणि दोन्ही डब्यांच्या मधोमध डबा उघडण्याची कडी दोऱ्याने टांगायची. ही रचना जुनीच आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५२ साली फिलाडेल्फियातल्या आपल्या घरात विजेच्या सळईला अशाच घंटा जोडल्या होत्या, म्हणजे वर ढग विजेने भारलेला आला की घरात घंटा वाजू लागत. आमच्याकडे ढगाच्या जागी पिक्चर ट्यूब होती.

जुलै आणि ऑगस्टमध्ये मात्र कडी एकदाही हलली नाही. याला दोन कारणे होती आणि त्यातले एकच आम्हाला तेव्हा कळले. ते म्हणजे ओलावा. दमट हवेत काचेच्या, लाकडाच्या आणि दोऱ्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्यातून प्रभार गुपचूप निघून जातो. आम्ही कडी टांगायला शिवणकामाचा सुती दोरा वापरला होता आणि डबे लाकडी टेबलावर ठेवले होते, म्हणजे गळतीला दोन्ही वाटा आम्हीच मोकळ्या करून दिल्या होत्या. दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर आम्ही दोऱ्याऐवजी नायलॉनचा तंगूस घेतला आणि डब्यांखाली थर्माकोलची लादी ठेवली. फॉइलचे टोकदार कोपरे दुमडून गोल केले, कारण टोकातून प्रभार हवेत निसटतो. अंधारात वायरच्या उघड्या टोकाशी बारीक जांभळट उजेड दिसायचा आणि सूंऽऽ असा आवाज यायचा, ती हीच गळती. तरीही कडी हललीच नाही.

दुसरे कारण मुलीने शोधले. “भरपूर करंट साठू दे” म्हणून आम्ही संच लावून पाच-दहा मिनिटे थांबत होतो आणि मगच वायर डब्याला जोडत होतो. एका संध्याकाळी कंटाळून तिने संच बंद केला, तेव्हा तिचा हात काचेजवळच होता. ती ओरडली, “आई, बंद केल्यावर पण केस उभे राहतात!” मग आम्ही फॉइल काढून टाकली आणि नुसता दंड काचेजवळ धरून अनेकदा करून पाहिले. संच लावताच लव उभी राहत होती, हळूहळू खाली बसत होती, आणि बंद करताच पुन्हा उभी राहत होती. मधल्या वेळात, चित्र व्यवस्थित दिसत असतानाही, जवळजवळ काहीच जाणवत नव्हते.

त्या रात्री मला उलगडा झाला, आणि या साऱ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे. पडद्याची काच ही कपॅसिटरमधल्या विद्युतरोधकासारखी असते. आतली बाजू एकदम धन २५,००० व्होल्टवर जाते तेव्हा बाहेरच्या फॉइलचा दाबही तिच्याबरोबर वर उचलला जातो. पण काचेतून आरपार काहीच वाहत नाही. हवेतले ऋण आयन (प्रभार असलेले सूक्ष्म कण), धूळ आणि इकडून तिकडून होणारी गळती यांमुळे बाहेरच्या बाजूवर ऋण प्रभार जमत जातो आणि आतल्या धन प्रभाराचा परिणाम झाकून टाकतो. संच बंद केल्यावर आतला दाब उतरू लागतो आणि बाहेर जमलेला ऋण प्रभार उघडा पडतो. म्हणजे पडद्यापासून आपल्याला जे मिळते ते फक्त बदलाच्या क्षणी मिळते, आणि आम्ही तो क्षण उलटून गेल्यावर वायर जोडत होतो.

जानेवारीतल्या एका कोरड्या दुपारी सगळी जोडणी आधीच पूर्ण करून मग संच लावला. डिगॉसचा, म्हणजे संच लावताच पडद्याचे चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलचा, धप्प असा आवाज झाला, पाठोपाठ सुरकुतलेली फॉइल काचेला ओढली जाऊन सपाट झाली आणि कडी फॉइलच्या डब्याकडे झेपावली. तिथे टेकताच ती प्रभारित होऊन मागे फेकली गेली, पाइपच्या डब्यावर आपटून मोकळी झाली आणि परत आली. टणटणटण असा वेगवान नाद पंधरा-वीस सेकंद चालला, मग मंदावला आणि थांबला. मुलीने संच बंद केला आणि क्षणभराने तोच नाद पुन्हा सुरू झाला. आम्ही दोघीही काही बोललो नाही, नुसते ऐकत राहिलो.

लावताना धन आणि बंद करताना ऋण, हे माझे स्पष्टीकरण तपासून पाहणे भाग होते. त्यासाठी विद्युतदर्शी, म्हणजे प्रभार मिळताच ज्याची धातूची पातळ पाने फाकतात ते साधन, बनवला. सोन्याच्या पानाऐवजी मिठाईवर लावायचा चांदीचा वर्ख घेतला. तो इतका पातळ असतो की बोट लागताच बोटालाच चिकटून विरून जातो. म्हणून ज्या कागदांच्या मध्ये तो मिळतो त्या कागदासकटच कात्रीने अरुंद पट्टी कापली, तांब्याच्या तारेच्या टोकाला खळीचा एक ठिपका लावून ती पट्टी तारेवर दुमडून बसवली, आणि तार मेणाच्या बुचातून काचेच्या कोरड्या बरणीत सोडली. चार पट्ट्या वाया गेल्या, पाचवी टिकली. संच लावताच तारेला फॉइलच्या वायरचा स्पर्श करून वायर बाजूला घेतली, तेव्हा पाने फाकली. केसांवर घासलेला प्लास्टिकचा कंगवा, ज्यावर ऋण प्रभार असतो, तो दुरून हळूहळू जवळ आणला, तर पाने मिटू लागली. म्हणजे प्रभार धन होता. संच बंद करून हेच केले तेव्हा कंगवा जवळ येताच पाने आणखी फाकली. कंगवा एकदम जवळ नेऊ नये, कारण मिटलेली पाने पुन्हा उघडतात आणि निष्कर्ष चुकतो.

एक चूक माझ्याकडून झाली ती सांगणे आवश्यक आहे. नाद जास्त वेळ टिकावा म्हणून मी एकदा संपूर्ण पडदाभर फॉइल लावली आणि संच चालू असताना वायर सरळ करायला गेले. कोपरापर्यंत असा झटका बसला की हातातली पक्कड खाली पडली. फॉइलचे क्षेत्रफळ वाढले की साठणारा प्रभारही त्याच प्रमाणात वाढतो, हे मला माहीत असूनही मी ते विसरले होते. त्यानंतर आम्ही वहीच्या पानाएवढीच फॉइल वापरतो, वायरला हात लावण्याआधी पाइपला जोडलेल्या वायरचे उघडे टोक प्लास्टिकच्या पट्टीला बांधून फॉइलला टेकवतो, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवतो, आणि हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माझ्या मामांना ते आले तेव्हा आम्ही हा प्रयोग दाखवला नाही.

सध्या मुलगी दोन डब्यांमधले अंतर अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरने वाढवून नाद किती सेकंद टिकतो याची नोंद करत आहे. अंतर वाढले की तो लवकर थांबतो, असे आतापर्यंतच्या नोंदींवरून दिसते. जूनमध्ये पाऊस सुरू होण्याआधी तिला तो तक्ता पूर्ण करायचा आहे.